मुंबईत पहिल्यांदा, तेही एकट्याने: खिशात काय ठेवायचं, कुणाला काय विचारायचं

परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने मी पहिल्यांदा मुंबईला आले ती एका मुलाखतीसाठी. पत्ता मोबाईलमध्ये, मावशीचा नंबर मोबाईलमध्ये, पैसेही मोबाईलमध्येच. रात्रभर गाडीत तो चालू राहिला आणि सकाळी दादरला उतरले तेव्हा बंद पडला होता. फलाटावर गर्दी अंगावरून जात होती आणि मला 'अंधेरी' एवढंच आठवत होतं. पूर्व की पश्चिम, तेही सांगता येईना. एका चहावाल्या काकांनी स्टॉलमागे चार्जर लावू दिला म्हणून वेळेत पोचले.

आता इथे राहून बरीच वर्षं झाली. गावाकडून कुणी ना कुणी येतच असतं. कुणी परीक्षेला, कुणी कागदपत्रांच्या पडताळणीला, कुणी हॉस्पिटलच्या कामाला, कुणी मंत्रालयात. प्रत्येकाला फोनवर जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते आहे. माझं म्हणणं एकच: मोबाईल हातात नसतानाही पोचता आलं पाहिजे, अशी तयारी करून निघा.

निघायच्या आदल्या दिवशी: एक चिठ्ठी

वहीचं एक पान फाडा आणि त्यावर पेनाने लिहा. जायचं त्या ठिकाणाचा पूर्ण पत्ता. जवळचं लोकल स्टेशन. ते स्टेशन पश्चिम, मध्य की हार्बर मार्गावर आहे ते. ठिकाण स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला. घरचे दोन नंबर आणि मुंबईत ओळखीचं कुणी असेल तर त्यांचा एक. राहण्याच्या जागेचा पत्ता आणि फोन. अशा दोन चिठ्ठ्या करा. एक खिशात किंवा पर्समध्ये, दुसरी बॅगेत.

पूर्व-पश्चिमेवर मी इतका जोर देते याला कारण आहे. मुंबईत पत्त्याच्या शेवटी (पू) किंवा (प) असतं आणि ते अक्षर पिनकोडपेक्षा जास्त कामाचं. रेल्वेचे रूळ शहराला उभे चिरत जातात. चुकीच्या बाजूला उतरलात तर परत पूल चढावा लागतो, आणि रिक्षा करून बसला असाल तर पलीकडे जायला मोठा वळसा पडतो. पत्ता देणाऱ्याने बाजू सांगितली नसेल तर आधी फोन करून विचारून घ्या. सोबत खूण विचारा: कुठला नाका, कुठलं देऊळ, कुठली शाळा. इथले रिक्षावाले इमारतीच्या नावापेक्षा नाक्यावरून लवकर ओळखतात.

त्याच चिठ्ठीच्या मागे मोबाईलचा आयएमईआय क्रमांक लिहा. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तो पडद्यावर येतो. फोन चोरीला गेला तर हाच क्रमांक लागतो.

पैसे तीन जागी ठेवा: रोजचे खिशात, थोडे बॅगेत, थोडे अंगावरच्या आतल्या खिशात. दहा, वीस, पन्नासच्या नोटा भरपूर ठेवा. पाचशेची नोट रिक्षावाल्यापुढे धरली की सकाळी सकाळी सुट्यांवरून खोळंबा होतो. आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो आणि पॉवर बँक. सामान एका हातात मावेल एवढंच घ्या, कारण जिन्यांवरून ते तुम्हालाच चढवायचं आहे.

तिकीट नीट वाचा: गाडी मुंबईत कुठे पोचते?

'मुंबई' म्हणून उतरायचं असं एकच स्टेशन नाही. मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच गाड्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे सीएसएमटीला जातात. काही लोकमान्य टिळक टर्मिनसला थांबतात. त्याला लोक एलटीटी किंवा नुसतं कुर्ला टर्मिनस म्हणतात, पण ते कुर्ल्याच्या लोकल स्टेशनात नाही. बाहेर पडून चालत टिळकनगर स्टेशन गाठलं की हार्बरची लोकल मिळते. मध्य मार्गाची हवी असेल तर रिक्षाने कुर्ला स्टेशन. वांद्रे टर्मिनस आणि वांद्र्याचं लोकल स्टेशन यांचंही तसंच, दोन वेगळ्या जागा. आणि मुंबई सेंट्रल हे नावावरून मध्य रेल्वेचं वाटतं, पण ते पश्चिम रेल्वेवर आहे. या एका नावाने कितीजण चुकीच्या मार्गावर जातात.

गाडी सीएसएमटीची आहे म्हणून तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही. तुमचं काम डोंबिवली-कल्याणकडे असेल तर कल्याणला उतरा, ठाण्यात असेल तर ठाण्याला. पश्चिम मार्गावर, म्हणजे अंधेरी-बोरिवलीकडे जायचं असेल तर दादर. तुमची गाडी तिथे थांबते का ते मात्र आधी पाहून घ्या.

जुनी नावं अजून तोंडात आहेत हेही ध्यानात ठेवा. टॅक्सीवाला 'व्हीटी' म्हणाला तर ते सीएसएमटी. 'एल्फिन्स्टन' म्हणजे प्रभादेवी. स्टेशनचं नाव २०१८ मध्ये बदललं. माटुंगा मध्य मार्गावर आणि माटुंगा रोड पश्चिम मार्गावर, दोन निराळी स्टेशनं.

एसटीने येणाऱ्यांनी बस मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला नेहरूनगर की बोरिवली नॅन्सी कॉलनी, कुठल्या आगारात जाते ते तिकीट काढतानाच विचारावं. खासगी ट्रॅव्हल्सची गोष्ट वेगळी. त्या पहाटे चारला सायनला किंवा हायवेच्या कडेला उतरवतात. एकटी बाई असेल तर मी सांगते, शक्यतो सकाळी सहानंतर पोचणारी गाडी घ्या. नाहीच जमलं तर ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की उजेड आणि माणसं असतील तिथे थांबवा.

लोकल

सगळी भीती इथे असते, म्हणून जरा निवांत सांगते.

तिकीट खिडकीवर, स्टेशनवरच्या यंत्रावर किंवा रेल्वेच्या अॅपवर मिळतं. दुसऱ्या वर्गाचं किमान तिकीट पाच रुपये आहे. विनातिकीट सापडलात तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. यंत्रापाशी बहुतेक वेळा एक माणूस तिकीट काढून द्यायला उभा असतो. स्टेशनचं नाव सांगा आणि 'रिटर्न' की 'सिंगल' ते सांगा. परत त्याच मार्गाने यायचं असेल तर रिटर्नच काढा, संध्याकाळची रांग वाचते.

फलाटावर आलात की इंडिकेटर बघा. त्यावर गाडीची खूण, वेळ, आणि जलद की धीमी हे दिसतं. मध्य मार्गावरच्या खुणा नवख्याला चकवतात: 'के' म्हणजे कल्याण आणि 'टी' म्हणजे ठाणे हे कळतं, पण 'एन' म्हणजे कसारा आणि 'एस' म्हणजे कर्जत. धीम्या गाडीसाठीही 'एस' असतो, म्हणून डावीकडचं अक्षर (गाडी कुठे जाते) आणि उजवीकडचं अक्षर (जलद की धीमी) यांची गल्लत करू नका.

धीमी सगळीकडे थांबते. जलद मोजक्या ठिकाणी: पश्चिम मार्गावर मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली एवढी धरून चाला. पहिले दोन दिवस धीमीच घ्या. पंधरा-वीस मिनिटं जास्त जातील, पण मधलं स्टेशन हुकणार नाही.

दादरला मार्ग बदलताना फलाटाचा क्रमांक पाहा. डिसेंबर २०२३ पासून तिथे सलग क्रमांक आहेत: १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ ते १४ मध्य रेल्वे. पूर्वी दोन्हीकडे एक क्रमांकाचा फलाट होता आणि त्यामुळे फार घोळ व्हायचा. कुणी जुन्या आठवणीने फलाट सांगितला तरी पाटीवरच विश्वास ठेवा.

वेळेचं गणित असं. सकाळी साधारण आठ ते अकरा गर्दी दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट-सीएसएमटीकडे जाते. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ उलट दिशेने. तुमची दिशा गर्दीच्या उलट असेल तर चिंता नाही. तीच असेल तर आणि हातात बॅग असेल तर त्या वेळात चढू नका. इथे जन्मलेली माणसंसुद्धा त्या गर्दीत गाड्या सोडतात, तुम्ही सोडल्यात तर काहीच बिघडत नाही. सामान जास्त असेल तर मालडब्यातून जाता येतं.

गाडी स्टेशनवर वीस-तीस सेकंद थांबते. म्हणून उतरायची तयारी दोन स्टेशनं आधी करायची. पुढे उभ्या असलेल्याला विचारा, 'दादर उतरणार का?' हो म्हणाला तर त्याच्या मागे लागा. नाही म्हणाला तर तो तुम्हाला पुढे जाऊ देतो. फलाट कुठल्या बाजूला येणार हेही त्यालाच विचारा. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. मोबाईल दाराशी उभं राहून हातात धरू नका. खांबाजवळ दबा धरून हातावर फटका मारणारे असतात, आणि फोन वाचवायच्या नादात तोल गेलेल्यांची उदाहरणं आहेत.

बायकांसाठी प्रत्येक लोकलला वेगळे डबे असतात. रात्री '२४ तास' असं लिहिलेला महिलांचा डबा शोधा, कारण काही डबे ठरावीक वेळेनंतर सर्वांसाठी खुले होतात. उशिराच्या गाड्यांत महिलांच्या डब्यात पोलीस असतो. पुरुषांनी चुकून महिलांच्या किंवा दिव्यांगांच्या डब्यात चढू नये. पहिल्या वर्गाच्या डब्यावर तिरपे पट्टे असतात, तेही पाहून ठेवा. घाईत नवीन माणूस हमखास त्यातच चढतो आणि दंड भरतो.

रविवारी काम असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकची बातमी बघा. दुरुस्तीसाठी साधारण सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत काही मार्गांवर गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात. परीक्षा बहुधा रविवारीच असतात, म्हणून हे विसरू नका.

रिक्षा, टॅक्सी, बस, मेट्रो

रिक्षा दक्षिण मुंबईत चालत नाही. पश्चिमेला वांद्र्यापर्यंत, पूर्वेला सायनपर्यंत. त्याच्या पुढे काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि टॅक्सीचं ३१ रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरसाठी. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत त्यावर पंचवीस टक्के जास्त. इथे मीटरने जायची पद्धत आहे, म्हणून बसतानाच 'मीटर टाका' म्हणा. टर्मिनसच्या दारातच 'मॅडम, चारशे, पाचशे' म्हणत मागे लागणाऱ्यांबरोबर जाऊ नका. पन्नास पावलं पुढे मुख्य रस्त्यावर या आणि तिथून करा. बसल्यावर गाडीचा क्रमांक घरी पाठवून ठेवा.

बेस्टच्या बसला मे २०२५ पासून किमान १० रुपये, वातानुकूलितला १२. कंडक्टरला ठिकाण सांगून 'आलं की सांगा' म्हटलं की ते सांगतात. माझा तरी असाच अनुभव आहे.

मेट्रो नवख्या माणसाला सगळ्यात सोपी. भुयारी मेट्रो तीन आरेपासून कफ परेडपर्यंत ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. विमानतळ, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), सिद्धिविनायक, दादर, सीएसएमटी अशी स्टेशनं तिच्यावर आहेत. मंत्रालयात काम असेल तर विधान भवन स्टेशनला उतरा. भुयारात मोबाईलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका, तिकीट वरच काढून ठेवा. मंत्रालयात अभ्यागतांना प्रवेश साधारण दुपारी दोननंतर असतो आणि मूळ ओळखपत्र लागतं. सकाळी दहाला जाऊन गेटवर उन्हात थांबलेली गावाकडची माणसं पाहिली की जीव तुटतो.

राहण्याची सोय

खोली अॅपवरून ठरवली तरी हॉटेलला एक फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: एकट्या माणसाला, एकट्या बाईला खोली देता ना? महाराष्ट्रातलं आधार कार्ड चालतं ना? रात्री किती वाजेपर्यंत दार उघडं असतं? काही छोट्या लॉजवाल्यांना एकटी बाई नको असते, काहींना मुंबईच्या किंवा महाराष्ट्रातल्याच पत्त्याचं ओळखपत्र नको असतं. रात्री अकरा वाजता दारात हे कळलं तर फार हाल होतात.

एक रात्र काढायची असेल तर रेल्वेची रिटायरिंग रूम पाहा; पीएनआर असेल तर ऑनलाइन मिळते. मुंबई सेंट्रलला पॉड हॉटेलही आहे, म्हणजे एकेका माणसाला झोपण्यापुरते छोटे कप्पे. नुसतं सामान ठेवायचं असेल तर मोठ्या टर्मिनसवर क्लोकरूम असते, पण बॅगेला कुलूप हवं. परळला टाटा हॉस्पिटलच्या कामासाठी येणाऱ्यांनी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांची आधी फोनवर चौकशी करावी. जागा लवकर भरते, म्हणून निघण्याआधीच करा.

जेवणाची मुंबईत अडचण नाही. उडुपी हॉटेलात राइस प्लेट मिळते, वडापाव कोपऱ्याकोपऱ्यावर. ज्या गाडीवर ऑफिसची माणसं रांगेत उभी असतात तिथे खा. पाण्याची बाटली जवळ ठेवा. बायकांनी स्वच्छतागृहासाठी मॉल, पेट्रोल पंप किंवा मोठ्या स्टेशनवरची पैसे देऊन वापरायची सोय लक्षात ठेवावी. पाणी न पिता दिवस काढू नका, मी ते करून आजारी पडले आहे.

बिनसलंच तर

फोन गेला, तर आधी कुणाच्या तरी फोनवरून घरी कळवा आणि सिमकार्ड बंद करायला सांगा. मग बँकेला कळवून यूपीआय आणि कार्ड बंद करा. पैसे काढले गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार. जितकी लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. गाडीत किंवा फलाटावर चोरी झाली असेल तर रेल्वे पोलिसांची चौकी, रस्त्यावर झाली असेल तर जवळचं ठाणं. 'हे आमच्या हद्दीत नाही' असं उत्तर मिळालं तर 'झिरो एफआयआर' घ्या म्हणा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवण्याची सोय स्पष्ट लिहिलेली आहे. तक्रारीची प्रत घेऊन 'संचार साथी' संकेतस्थळावर आयएमईआय टाकला की फोन सगळ्या नेटवर्कवर बंद करता येतो.

त्याच नंबरचं नवं सिम आधार दाखवून त्याच दिवशी मिळू शकतं, पण नवं सिम सुरू झाल्यावर २४ तास एसएमएस येत नाहीत, म्हणजे बँकेचा ओटीपीही नाही. तेवढ्या वेळात यूपीआय सुरू होत नाही. बॅगेतल्या आणि आतल्या खिशातल्या नोटा याच दिवसासाठी आहेत.

शेवटची लोकल चुकली, तर रात्री साधारण एक ते पहाटे चारपर्यंत लोकल बंद असतात. निर्जन छोट्या स्टेशनवर थांबू नका. सीएसएमटी, दादर, कल्याण अशा मोठ्या स्टेशनला पोचून प्रतीक्षालयात, पोलिसांच्या नजरेसमोर बसा.

कुणी त्रास देत असेल, पाठलाग करत असेल, तर गर्दीकडे चला, मोठ्याने बोला, दुकानात शिरा. ११२ कुठूनही लागतो. मुंबई पोलिसांचा महिला आणि ज्येष्ठांसाठी १०३, रेल्वेत १३९, रुग्णवाहिकेसाठी १०८. हे चार आकडेही चिठ्ठीवर हवेत.

पावसाळ्यात येत असाल तर भरतीची वेळ बघा. जोराचा पाऊस आणि समुद्राला भरती एकत्र आली की शहरातलं पाणी बाहेर जायला वाट उरत नाही. हिंदमाता, सायन, कुर्ला, अंधेरीचा सबवे इथे पाणी साचतं आणि गाड्या थांबतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा वेळी आहात तिथेच थांबा: ऑफिस, शाळा, देऊळ, जिथे लोक आत घेतील तिथे. मुंबईत अशा दिवशी लोक अनोळखी माणसाला आत घेतात, चहा-बिस्किटं देतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. साचलेल्या पाण्यातून चालू नका, खाली उघडं गटार असू शकतं. चालावंच लागलं आणि पायाला जखम असेल, तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टो या तापाचा धोका असतो. महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६.

विचारायला लाजू नका, पण प्रश्न नेमका विचारा. 'अंधेरीला कसं जायचं?' असं विचारलं तर पाचजण पाच वाटा सांगतील. 'अंधेरीची धीमी कुठल्या फलाटावर येईल?' याला एकच उत्तर आहे. मराठीतच विचारा, इथे मराठी कळतं. दोघांना विचारा, आणि दोघांचं उत्तर सारखं आलं की निघा. फलाटावर चहाचा स्टॉल, बुटपॉलिशवाला, तिकीट तपासनीस. रस्त्यावर वर्तमानपत्राचा किंवा फळांचा ठेला. जी माणसं रोज त्याच जागी बसतात त्यांना विचारायचं. स्वतःहून जवळ येऊन 'कुठे जायचंय?' म्हणणाऱ्याला नको म्हणा.

परतीच्या दिवशी गाडी संध्याकाळची असेल तर सामान घेऊन चारच्या आतच टर्मिनसवर पोचा, साडेपाचनंतर बॅगेसकट लोकलमध्ये शिरणं कठीण. आणि येताना सीएसएमटीला उतरलात म्हणून परतीची गाडीही तिथूनच सुटेल असं धरू नका, तिकिटावरचं टर्मिनसचं नाव पुन्हा एकदा वाचा. ते नाव, सुटण्याची वेळ आणि डब्याचा क्रमांक त्याच चिठ्ठीवर सगळ्यात खाली लिहून ठेवा.